सांगाडेवाल्यांचं मूत्रपिंड

दारावरच्या पाटीवर 'शैक्षणिक प्रतिकृती बनवून मिळतील' असं लिहिलेलं होतं. पण एवढं वाचून होईपर्यंत माणूस दोन दुकानं पुढे गेलेला असतो. शिवाय खिडकीत आकड्याला एक सांगाडा टांगलेला, आणि त्याच्या कवटीवर मालकांची टोपी. तेव्हा सगळा रस्ता त्यांना सांगाडेवाले म्हणायचा. त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. वाटलंच तर अभिमान वाटायचा, कारण आसपासच्या त्रेचाळीस शाळांतल्या मुलांनी माणसाच्या पोटात, छातीत आणि डोक्यात जे काही पाहिलं होतं, ते ह्यांच्या हातचं होतं.

पुढच्या खोलीत कारखाना, मागच्या दोन खोल्यांत संसार, आणि मधल्या दाराला दार नाही. त्यामुळे संसारात प्लास्टरची भुकटी आणि कारखान्यात फोडणीचा वास अशी कायमची देवाणघेवाण चालू असे. फळ्यांवर हृदयं वाळत पडलेली, फुटबॉलएवढा एक कान, दाढांचा एक जबडा आणि कोपऱ्यात आतड्यांची वेटोळी. साचे पाडणं, घासणं, सांधे बसवणं हे त्यांचं काम. रंग बायकोचा. ती खिडकीशी टेबलावर बसायची, समोर पुस्तकातलं चित्र उघडून ठेवायची, आणि केसाएवढ्या कुंचल्याने धमन्या लाल, शिरा निळ्या, पित्ताशय हिरवं असं एकेक रंगवत जायची. तिचा हात इतका स्थिर की रेघ ओढताना ती नवऱ्याशी भांडू शकत असे, आणि भांडत असे.

सांगाडेवाल्यांना एक खोड होती. त्यांना समजावून सांगायला आवडायचं. नळ दुरुस्त करायला माणूस आला की ते त्याला नळ समजावून सांगत. चष्म्याच्या दुकानात ते दुकानदाराला डोळा समजावून सांगत, आणि तोही बिचारा ऐकून घेई, कारण त्याच्या दुकानातला मोठा डोळा ह्यांनीच दिलेला होता. अशा माणसाला चूक दाखवायची म्हणजे मोठी पंचाईत. तो चूकसुद्धा तुम्हालाच समजावून सांगतो.

त्यांचं सगळ्यात लाडकं काम म्हणजे मॉडेल क्रमांक अकरा, म्हणजे मूत्रपिंड. बाकीची मॉडेलं नुसती बघायची, हे चालायचं. लाकडी खोकं, पुढे काच, आत प्लास्टरची दोन मूत्रपिंडं आणि प्रत्येकाच्या पोटात चहाची एकेक बारीक गाळणी. वरच्या बाटलीत पिवळं पाणी, त्यात लाल खडूची जाडसर भुकटी. हलवलं की सगळं रक्तासारखं लाल दिसे. तोटी सोडली की ते गाळणीत उतरे, लाल भुकटी वर अडकून राही आणि खाली काचेच्या पेल्यात पिवळा थेंब टपकन पडे. मुलं टाळ्या वाजवायची. मॉडेल पोचवायला सांगाडेवाले स्वतः जात, आणि पहिला थेंब पडला की बोट वर करून म्हणत, "थेंब पडतोय म्हणजे गाळणी चालू आहे!" हे वाक्य त्यांनी पंचवीस वर्षांत त्रेचाळीस शाळांत म्हटलं होतं आणि घरी किती वेळा, ते बायकोलाच ठाऊक.

अशा घरात, बायकोच्याच मूत्रपिंडांनी संप पुकारावा हा योग काही औरच.

सुरुवात चहापासून झाली. चहा पितळेसारखा लागतो, अशी तिची तक्रार. त्यांनी पातेलं बदललं, चहा बदलला, शेवटी दूधवाला बदलला. मग तिच्या चपला घट्ट होऊ लागल्या. घोट्यापाशी बोट दाबलं की खळगा पडे आणि बराच वेळ तसाच राही. नेहमीच्या डॉक्टरांनी तपासण्या करून मूत्रपिंडांच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. मोठ्या म्हणजे मानाने मोठ्या. वयाने त्या सांगाडेवाल्यांच्या लेकीएवढ्या होत्या.

"शंभरातले चौदा," डॉक्टर कागद पुढे सरकवत म्हणाल्या. "तुमची दोन्ही मूत्रपिंडं मिळून सध्या एवढंच काम करतायत. घाबरू नका, पण थांबूही नका. डाव्या हाताची एक शीर तिथल्याच धमनीला जोडून ठेवू. छोटंसं ऑपरेशन असतं. ती शीर जाड व्हायला दोन-तीन महिने लागतात. पुढे डायलिसिस लागलं की तिथे सुई टोचता येते. आत्ता केलं तर वेळेवर तयार असेल. नाहीतर ऐनवेळी घाईघाईने मानेत नळी घालावी लागते."

बायकोने पदर नव्हे, पर्स सावरली. "पण मला लघवी व्यवस्थित होते," ती म्हणाली.

"होत असेल ना."

"व्यवस्थित म्हणजे चांगली भरपूर. झोपेतून दोनदा उठते. ज्याची मूत्रपिंडं बंद पडली त्याला होईल का एवढी?"

"किती होते यावरून नाही कळत, मावशी. तिच्यात काय असतं, यावरून कळतं."

"डॉक्टर, आमच्या घरी मूत्रपिंडं तयार होतात," मावशी म्हणाल्या. "थेंब पडतोय म्हणजे गाळणी चालू आहे. हवं तर ह्यांना विचारा."

डॉक्टरांनी मान वर केली आणि सांगाडेवाल्यांकडे टक लावून पाहिलं. "म्हणजे ते लाकडी खोकं तुमचं? लाल भुकटीचं?"

"आमचंच," सांगाडेवाले खुर्चीत दोन बोटं उंच झाले.

"आमच्या शाळेत होतं. मला इतकं आवडायचं, की डॉक्टर व्हायचं तिथेच ठरवलं मी." सांगाडेवाले आणखी दोन बोटं उंच झाले. "आणि पहिल्या वर्षी तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, मूत्र कसं तयार होतं? मी गाळणी सांगितली. सरांनी मला पुढच्या परीक्षेला यायला सांगितलं."

चारही बोटं खाली आली.

"तुमची गाळणी अगदीच खोटी नाही," डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "पण ती फक्त पहिली पायरी. तिथे रक्तातल्या पेशी आणि मोठी प्रथिनं तेवढी मागे राहतात. बाकी सगळं खाली जातं. पाणी, मीठ, साखर आणि कचरासुद्धा. चांगलं-वाईट काही बघितलं जात नाही. दिवसाला एकशेऐंशी लिटर. मग पुढे लांब बारीक नळ्या असतात, प्रत्येक मूत्रपिंडात दहा-दहा लाख. त्या नळ्या हवं ते सगळं परत रक्तात घेतात. साखर सगळी, मीठ जवळजवळ सगळं, पाणी जवळजवळ सगळं. शेवटी दीड-दोन लिटर उरतं, ती लघवी. खरं काम गाळण्याचं नाहीच. परत घेण्याचं आहे."

सांगाडेवाल्यांच्या कारागिरीला हे झोंबलं. "दीड लिटर टाकून द्यायला एकशेऐंशी लिटर उपसायचं?" ते म्हणाले. "आणि मग जवळजवळ सगळं परत भरायचं? हा कुठला कारभार? मी असं मॉडेल केलं तर शाळावाले दारात उभं करणार नाहीत."

"मूत्रपिंड मी नाही बनवलं," डॉक्टर म्हणाल्या, आणि पुढच्या आठवड्यात हाताच्या ऑपरेशनची तारीख ठरवायला फोन करा म्हणून सांगितलं.

रस्त्यात बायको म्हणाली, "बघितलंत? डॉक्टरलाच धड ठाऊक नाही. गाळणी आहे पण म्हणे, नाही पण म्हणे. तुमचं कसं एका वाक्यात होतं."

आता खरं सांगायचं तर इथे सांगाडेवाल्यांनी तिला अडवायला हवं होतं. त्यांनी अडवलं नाही. तीस वर्षांच्या संसारात बायको त्यांच्या बाजूने बोलली असे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे होते, आणि त्यातली दोन बोटं तर लग्नातच खर्ची पडलेली. ते नुसतं "हूं" म्हणाले आणि ते "हूं" त्यांना फार गोड लागलं. आठवडा गेला. तारीख ठरवायचा फोन झाला नाही. बायकोला कुणी विचारलं की ती मॉडेल क्रमांक अकराचा दाखला द्यायची, आणि ते शेजारी बसून मान डोलवायचे. स्वतःची चूक दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की ती किती शहाणपणाची वाटते, याचं हे उदाहरण.

मग एका दुपारी ती हृदय रंगवता रंगवता टेबलावरच झोपली. कुंचला हातातच होता. निळी रेघ शिरेवरून निघून हृदयावरून खाली उतरली, टेबलावर आली आणि तिथे तिचा ठिपका झाला. इतक्या वर्षांत तिची रेघ कधी हलली नव्हती. सांगाडेवाल्यांनी तिला हाक मारली, मग खांद्याला हलवलं. डोळे उघडायला तिला इतका वेळ लागला, की तेवढ्यात त्यांनी तिच्या नाकापुढे बोट धरून पाहिलं.

"डुलकी लागली," ती म्हणाली. "त्यात काय एवढं? तोंड बघा कसं झालंय तुमचं."

त्याच संध्याकाळी त्यांनी फोनची गोष्ट काढली. तिने उत्तर दिलं, "थेंब पडतोय." दुसऱ्या दिवशी काढली, तेच उत्तर. तिसऱ्या दिवशी ते ओरडले, ती म्हणाली, "ओरडू नका, गाळणी चोंदेल." पालथ्या घड्यावर पाणी. आणि घडा पालथा करून ठेवणारे आपणच, हे त्यांना आता हळूहळू उमगायला लागलं होतं. तिला पटवायचं तर डॉक्टर म्हणतात ते मूत्रपिंड तिच्यापुढे चालवून दाखवायला हवं, असं त्यांनी ठरवलं. शब्दांनी नाही पटलं तर मॉडेलने पटवायचं. दुसरा उपाय त्यांना कुठे ठाऊक होता?

चार दिवस त्यांनी कारखाना डोक्यावर घेतला. पहिल्या यंत्रात पाणी उपसून परत वर न्यायला सायकलचा पंप लावला. त्याने पाणी वर न्यायच्या ऐवजी छताला नेलं. दुसऱ्यात स्पंज लावले, नळ्यांनी हवं ते परत शोषून घ्यावं म्हणून. स्पंजांनी हवं-नको सगळंच शोषलं आणि पेल्यात काहीच पडेना. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, त्यातली गत. बायको खिडकीशी बसून बघत होती. तिने एवढंच विचारलं, "हे मूत्रपिंड आहे की फरशी पुसायचं यंत्र?"

पाचव्या दिवशी ते मुकाट्याने पाण्याने भिजलेल्या जमिनीवर बसले होते, आणि मागच्या खोलीत बायकोने कपाट आवरायला काढलं.

तिची कपाट आवरायची पद्धत हा ह्या घरातला सगळ्यात जुना तंटा होता. सांगाडेवाल्यांचं म्हणणं, कपाटात डोकावावं, नको ते उचलावं आणि टाकून द्यावं. पाच मिनिटांचं काम. बायको तसं करत नसे. ती सगळं कपाट पलंगावर ओतायची. चादरी, स्वेटर, बिनजोडीचे मोजे, जुनी बिलं, कुलपाविना किल्ल्या, सगळं. मग त्यातून हवं ते एकेक उचलून परत आत लावायची. शेवटी पलंगावर जे उरे, त्याचं गाठोडं बांधून दाराशी. दर महिन्याला एकेक कपाट, आणि दर महिन्याला हेच भांडण.

"अगं, नको असलेलं तेवढं काढ ना," त्यांनी सवयीने हाक दिली. "हवं असलेलं कशाला बाहेर काढतेस?"

"नको असलेलं काय काय आहे हे मला कुठे ठाऊक?" आतून तिचं ठरलेलं उत्तर आलं. "रोज नवीन काहीतरी घुसतं कपाटात. त्याची यादी कोण ठेवणार? मला हवं काय ते पक्कं ठाऊक आहे. तेवढं परत घेते. उरलं ते जाईना का, कुठलंही असो."

हे उत्तर त्यांनी तीस वर्षं ऐकलं होतं. ह्या वेळी ते ओल्या जमिनीवरून उठून उभे राहिले.

एकशेऐंशी लिटर. सगळं बाहेर, हवं ते आत. पोटात रोज काय नवीन जाईल याचा काही नेम नसतो. औषधं, गोळ्या, हॉटेलातलं कसलंतरी रंगीत सरबत. प्रत्येक कचऱ्याची ओळख ठेवणारी गाळणी कुठून आणायची? पण हवं काय, ते ठाऊक असतं. साखर, मीठ, पाणी. तेवढं उचलून घ्यायचं. बाकीचं, ओळखीचं असो की अनोळखी, आपोआप बाहेर. ज्या कारभाराला ते डॉक्टरांच्या तोंडावर हसले होते, तो त्यांच्याच पलंगावर तीस वर्षं चालू होता.

ते धावत मागच्या खोलीत गेले. बायको पलंगाच्या कडेला बसून दम खात होती. कपाटाच्या पाच खणांपैकी तिने एकच ओतला होता. "आज एवढंच," ती म्हणाली. "बाकीचं उद्या. गाठोडं मात्र झालंय बघा, नेहमीएवढं." आणि ती आडवी झाली.

गाठोडं दाराशी होतं आणि खरंच नेहमीएवढं होतं. सांगाडेवाल्यांनी ते सोडलं. वर त्यांचा लोकरीचा चांगला स्वेटर निघाला. त्याखाली तिची आवडती शाल, दोन नव्या चादरी, धुतलेले टॉवेल. उचलून परत ठेवायला अंगात बळ उरलं नव्हतं, म्हणून तिने पलंगावर होतं ते तसंच बांधून टाकलं होतं. आणि कपाटाच्या उरलेल्या चार खणांत बिनजोडीचे मोजे, बिलं आणि किल्ल्या सुखाने बसून होत्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, वा, घर काय छान आवरलं जातंय. गाठोडं भरलेलंच होतं. फक्त जायचं ते घरात होतं आणि राहायचं ते दाराशी.

ते त्या उघड्या गाठोड्यापाशी उकिडवे बसले आणि त्यांना रडू आलं. स्वेटरने डोळे पुसून त्यांनी स्वेटर कपाटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जवळच्या शाळेत गेले. विज्ञानाच्या बाई प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत होत्या. "मॉडेल क्रमांक अकरा परत न्यायला आलोय," सांगाडेवाले म्हणाले.

"का? चाललंय की छान. आत्ताच गेल्या महिन्यात गाळणी बदलली."

"चुकीचं आहे ते."

बाईंनी नळी खाली ठेवली. "कोण म्हणतं?"

"मी म्हणतो," ते म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांच्या कानांच्या पाळ्या त्यांच्याच फळीवरच्या कानासारख्या लाल झाल्या. "आणखी बेचाळीस ठिकाणी जाऊन म्हणायचंय."

"पण मुलांना आवडतं हो ते."

"मलाही आवडतं," सांगाडेवाले म्हणाले, आणि खोकं उचललं.

बसमध्ये मांडीवर खोकं घेऊन बसल्यावर शेजारच्या माणसाने विचारलं, हे काय आहे? आयुष्यात असा प्रश्न त्यांनी कधी वाया जाऊ दिला नव्हता. ह्या वेळी ते म्हणाले, "लाकडी खोकं," आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी बायको टेबलाशी बसून एक जबडा रंगवत होती. त्यांनी खोकं तिच्यासमोर ठेवलं, काच सरकवली, पक्कड घेतली आणि दोन्ही गाळण्या उपटून काढल्या. प्लास्टरचे टवके उडाले.

"गाळणी चुकीची आहे," ते म्हणाले.

तीन शब्द. त्यांना वाटलं होतं, म्हटले की छप्पर कोसळेल. छप्पर जागच्या जागी होतं आणि बायको दाढेचा कोपरा रंगवत होती.

मग त्यांनी सांगितलं. नेहमीसारखं बोट वर करून नाही. स्टूल ओढून, तिच्याशेजारी बसून, अडखळत. सगळं बाहेर ओतायचं आणि हवं ते परत घ्यायचं, ही मूत्रपिंडाची रीत; तुझी रीत. तुझी मूत्रपिंडं आता पाचातला एकही खण धड ओतत नाहीत. जे थोडं ओततात, त्यातलं पाणीही नीट परत घ्यायची ताकद त्यांच्यात उरली नाही, म्हणून लघवी भरपूर होते. गाठोडं नेहमीएवढंच दिसतं. पण कचरा घरात साठतोय, म्हणून चहा पितळेसारखा लागतो, म्हणून तुला दुपारी झोप येते. थेंब पडतोय म्हणजे काही सगळं ठीक नाही. मी पंचवीस वर्षं चुकीचं सांगितलं, आणि तू माझं ऐकून बसलीस.

बायकोने कुंचला पाण्यात घातला, खळबळला आणि फडक्याला पुसला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"गाळणी चुकीची आहे ते. पहिल्या वर्षापासून." तिने समोरचं पुस्तक त्यांच्याकडे वळवलं. "हे उघडतं कोण ह्या घरात? तुम्ही एकदा चित्र बघितलंत आणि थेट चहाची गाळणी आणायला गेलात. रंगवायचं मला होतं. नळ्यांभोवती हे एवढं शिरांचं जाळं कशाला, म्हणून मी खालचं वाचलं. परत घ्यायला असतं ते जाळं."

सांगाडेवाल्यांचं तोंड उघडं राहिलं. "मग बोलली का नाहीस?"

"पहिला थेंब पडला तेव्हा तुमचं तोंड बघितलं होतं मी. मग बोलवेचना मला. आणि नंतर इतक्या शाळांत गेलं, की म्हटलं आता झाकली मूठ राहू दे."

"अगं, पण डॉक्टरांसमोर? तुला सगळं ठाऊक होतं, तरी तू..."

"भीती वाटते मला," बायको म्हणाली. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. जबड्याकडे बघत होती. "हात कापणार. मग आठवड्यातून तीनदा सुया टोचून यंत्राशेजारी पडून राहायचं, ते कधी संपणार कुणाला ठाऊक. हो म्हटलं की ते सुरूच झालं ना? तुमची गाळणी आयती हाताशी होती, तिच्याआड जाऊन बसले. आणि तुम्ही बसू दिलंत. बायको आपलं म्हणणं खरं करतेय म्हणून बरं वाटत होतं की नाही?"

सांगाडेवाल्यांकडे ह्या प्रश्नाची तीन-चार उत्तरं तयार होती, आणि प्रत्येक उत्तरात चूक दुसऱ्या कुणाची तरी होती.

"वाटत होतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "मलाही भीती वाटते. तू त्या दिवशी डोळे उघडेपर्यंत माझं काय झालं, ते मी तुला सांगितलंच नाही."

"सांगायला कशाला हवं? तोंडावर दिसत होतं."

बाहेरून कुणीतरी खिडकीतल्या सांगाड्याला हात करून गेलं. बायकोने डावी बाही कोपराच्या वर सारली, हात टेबलावर उताणा ठेवला आणि उजव्या हाताने कुंचला निळ्या रंगात बुडवला. मनगटापासून वर जाणाऱ्या शिरेवर तिने बारीक रेघ ओढली. रेघ सरळ गेली. कोपराशी शिरेला दोन फाटे होते. तिथे ती थांबली.

"ह्यातली कुठली जोडतील हो?"

त्यांनी चष्मा वर केला, तिचा हात दोन्ही हातांत धरून खिडकीच्या उजेडात नेला आणि बराच वेळ पाहिला.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

तिने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. तीस वर्षांत हे वाक्य तिने त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मग तिने रंग सुकायच्या आत हात सांभाळून सोडवून घेतला, फोन ओढला आणि डॉक्टरांचा नंबर लावला.

"मी सांगाडेवाल्यांच्या घरून बोलतेय," ती म्हणाली. "डावा हात घेऊन कधी येऊ?"